मोळीचा म, कोयत्याचा क

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की केज तालुक्यात ऊसतोडीच्या मुकादमांच्या खेपा वाढतात. आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं सामान बांधायला लागतात. युसूफ वडगावच्या परिसरातल्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, गोधड्या, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर पोरं. पुढचे पाच-सहा महिने, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत म्हणजे गाळप थांबेपर्यंत, या पोरांचं गाव म्हणजे उसाच्या फडालगतची कोपी. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, काही कारखान्यांवर साखरशाळाही चालल्या. तीन ते सहा वर्षांचं पोर मात्र आईचा पदर धरून फडात जातं, नाहीतर गावात आजीपाशी राहतं आणि अंगणवाडीत येऊन बसतं.

या पोराला पहिलं अक्षर कुठलं द्यायचं?

भिंतीवरच्या तक्त्यात ‘अ’ अननसाचा असतो. माणदेशापासून मराठवाड्यापर्यंतच्या कोरडवाहू गावांत कितीतरी मुलांनी अननस तक्त्याबाहेर कधी पाहिलेलाच नसतो. ऊस, फड, मोळी, टोळी, कोयता हे शब्द मात्र त्यांच्या कानावर रोज पडतात. वाचनाची सुरुवात मुलाच्या तोंडात आधीपासून असलेल्या शब्दांतून व्हावी, असं मानणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात चांगली जुनी आहे.

तिच्यामागच्या बालशिक्षणाच्या कामाचा इतिहास थोडक्यात असा. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह काढलं. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ला.

बोर्डी-कोसबाडच्या गोष्टीपाशी जरा थांबायला हवं. बालवाडी काढली, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुलं तिकडे येईनात. मग ताराबाईंनी आणि अनुताईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी. थोडी मोठी मुलं गुरांमागे रानात जात, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरत असताना शिक्षक तिथेच शिकवत. साधनंही शिंपल्या, बिया, पानं, खडे अशी. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जायचं, ही कोसबाडची रीत फडावरच्या पोरांना आजही सगळ्यांत जास्त लागू पडते.

आता प्रत्यक्ष पाटीकडे वळू. चार वर्षांचं पोर पेन्सिल मुठीत धरतं आणि पाटीभर गिरगोट्या काढतं. घरचे म्हणतात, ‘पाटी कशाला खराब करतोस, अ काढ.’ इथे घाई होते. मनगटातली आठ हाडं जन्मतः निव्वळ कूर्चेची असतात आणि ती पुढे वर्षावर्षाने टणक होत जातात. तीन-चार वर्षांच्या हाताला बारीक वळणं गिरवायला लावलं की तो लवकर दमतो आणि मूल पाटीला कंटाळतं. त्यापेक्षा ओल्या मातीत बोट फिरवणं, चिंचोके ओळीने मांडणं, अंगणात खडूने मोठमोठे गोल काढणं, आजीच्या शेजारी बसून रांगोळीचे ठिपके जोडणं, याने हात कितीतरी चांगला तयार होतो.

गिरगोट्यांतही अर्थ असतो. एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की या दोघींचं १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन याच विषयावर आहे. कोणी शिकवण्याआधीच मुलं लेखनाबद्दल स्वतःचे नियम बांधतात, असं त्यांना दिसलं. मोठ्या वस्तूचं नाव लांबलचक असणार आणि लहान वस्तूचं आखूड, हा त्यांतलाच एक नियम. मराठीत हे ताडून पाहायला ‘ऊस’ आणि ‘मुंगळा’ घ्यावेत. दोन पुरुष उंच ऊस दोन अक्षरांत मावतो आणि नखाएवढा मुंगळा तीन अक्षरं खातो! पाच वर्षांच्या मुलासमोर हे दोन शब्द लिहून ‘यातला ऊस कोणता?’ विचारलं, तर ते बऱ्याचदा ठामपणे मुंगळ्यावर बोट ठेवेल. ती चूक ऐकून हसू नये. मूल विचार करतंय याचा तो पुरावा आहे.

चित्र आणि अक्षर यांची फारकत मोठ्यांनी केली. दोन्ही एकत्र पाहायला युसूफ वडगावकरांना लांब जायला नको, शेजारचं अंबाजोगाई पुरे. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून मान असलेल्या ‘विवेकसिंधु’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तिथेच आहे. तिथल्याच दासोपंतांनी (१५५१-१६१५) कागद सोडून कापडावर लिहिलं. त्यांची पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. वेदान्तातलं पंचीकरण समजावताना त्यांनी ओव्यांच्या सोबत आकृत्या काढल्या. एवढ्या मोठ्या पंडिताला मजकुरासोबत चित्राची गरज वाटली, तर चार वर्षांच्या पोराने बैल काढून त्याच्या पोटात दोन अक्षरं कोंबली म्हणून कोणी ओरडू नये.

अंगणवाडीत याचा उपयोग सहज होतो. पोर पाटी पुढे करतं.

‘बाई, ह्ये बघा.’

‘काय काढलंय रे?’

‘बैल. आन् ही गाडी. गाडीत मोळ्या हायेत.’

‘कुणाच्या?’

‘मपल्या बापाच्या.’

सेविकेने तिथल्या तिथे चित्राखाली ठळक अक्षरांत लिहायचं: ‘मपल्या बापाच्या मोळ्या.’ लिहिताना बोट सरकवत मोठ्याने म्हणायचं. ‘मपल्या’चं ‘माझ्या’ करायचं नाही; ते पुढे शाळेत आपोआप येईल. दुसऱ्या दिवशी तीच पाटी दाखवली की पोर बोट ठेवून वाचतं. ते पाठ म्हणतंय, हे खरं. पण बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा जसंच्या तसं बोलता येतं, हे त्याला उमगलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना असंच त्यांच्या जिव्हाळ्याच्या शब्दांतून वाचायला शिकवलं. त्यांचं ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ सालचं. बंजारा तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलासाठी तर ही वाट अधिकच गरजेची आहे, कारण त्याला अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम नवीन असतात.

शब्दांपुढची पायरी आवाजाची. मराठी मूल शब्द अक्षरांत सहज तोडतं: को-य-ता, तीन टाळ्या. त्यानंतर पहिलं अक्षर बदलण्याचा खेळ. मोळी, टोळी, पोळी, गोळी, होळी, झोळी. फडावरचं सगळं जगणं या एका यमकात येऊन बसतं! टोळीने तोडायचं, मोळी बांधायची, तान्ह्याला झाडाच्या झोळीत निजवायचं. ‘ळी’ तोच राहतो, ओकार तोच राहतो, फक्त पहिला आवाज बदलतो. ‘मोळी’चा म मुलाच्या कानाला एकदा वेगळा ऐकू आला की डोळ्याला तो दाखवायला वेळ लागत नाही.

मग अक्षरांचा क्रम कोणता? जुन्या पद्धतीत आधी पूर्ण मुळाक्षरं, मग बाराखडी. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची १२ रूपं, म्हणजे ४०८ आकार घोकल्यावर शब्द. वळणाच्या सोयीने आलेली ‘ग म भ न’ हाताला सोपी खरी, पण एकसारखी दिसणारी अक्षरं एकदम समोर आली की डोळा गोंधळतो. शिवाय त्यांतून नग, मन, नभ, गमन याच्या पलीकडे फारसं काही जुळत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी दुसरी वाट धरली: थोडी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला लगेच एखादं स्वरचिन्ह, की मूल पहिल्या दिवसांपासून अर्थ असलेले शब्द वाचतं. न, क, म ही तीनच अक्षरं आणि काना घेऊन बघावं: नाक, कान, काम, मान, मका, काका, मामा, नाना. निम्मं घर आणि अर्धं शेत वाचून होतं. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था, नीलेश निमकर आणि त्यांचे सहकारी, अंगणवाड्यांसाठी ‘पालवी’ हा उपक्रम चालवतात. गोष्टी, गप्पा, चित्रं आणि मुलांचं स्वतःचं लेखन यांना तिथे अक्षरओळखीइतकंच वजन आहे.

आजीला वाचता येत नसेल तर? तरीही तिच्याकडे बरंच काही आहे. उखाणे, कहाण्या, जात्यावरच्या ओव्या यांनी मुलाचा शब्दसाठा वाढतो आणि पुढे वाचलेल्याचा अर्थ त्या साठ्यावरच लागतो. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं अंगणवाडीतून आठवडाभर घरी पाठवली, तर आजी चित्रावरून गोष्ट सांगते आणि नातू पानं उलटतो. पुस्तक फाटेल म्हणून ते कपाटात कुलपाआड ठेवणं बंद झालं पाहिजे. फाटलं तर खळ लावून चिकटवता येतं.

आई-बापासोबत निघणाऱ्या पोरासाठी वीस पानी वही पुरते. जाण्याआधीच्या दिवसांत सेविकेने त्यात मुलाचं नाव, आई-बापाची नावं आणि त्याने स्वतः मागितलेले शब्द चित्रांसह लिहून द्यावेत. या यादीत एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे ट्रॅक्टर. क्रमाच्या हिशेबाने हा शब्द फार पुढचा. ‘ट’खाली टोपीसारखा बसलेला र, त्यावर ॲची चंद्रकोर, मग ‘क’ आणि ‘ट’चं जोडाक्षर. पहिलीतल्या मुलालाही तो फोडून लिहिता येणार नाही. पण पोराला तोच हवा असतो, कारण त्याचं अख्खं घर त्या गाडीत बसून निघालेलं असतं. तेव्हा फोड न करता तो अख्खाच लिहून द्यावा, चित्राशेजारी, मोठ्या अक्षरांत. र कुठे दडलाय ते दुसरीत शिकता येईल.