मुबलकतेची पंचाईत
१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या इस्पितळात, जंतू रक्तात भिनून जर्जर झालेल्या एका पोलीस शिपायास पेनिसिलीनवर संशोधन करणाऱ्या फ्लोरींच्या सहकाऱ्यांनी पेनिसिलीन टोचले, तेव्हा काही दिवसांतच त्याचा ज्वर उतरला. परंतु साठाच इतका तुटपुंजा, की रुग्णाच्या मूत्रातून औषध काढून पुन्हा वापरले तरी ते पुरले नाही, जंतूंनी उचल खाल्ली आणि मार्चमध्ये तो दगावला. आज साठा मुबलक असल्याने हे औषध साध्या पडशावरही घेतले जाते, आणि तीच पंचाईत होऊन बसली आहे. पेनिसिलीन जंतूची भिंत नीट बांधू देत नाही; पडशाच्या विषाणूला मुळात ती भिंतच नसल्यामुळे तेथे ते निरुपयोगी. उलट अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याविना पेनिसिलीनची गोळी घेऊ नये, आणि उरलेली शेजाऱ्यास देण्याचे औदार्य तर मुळीच दाखवू नये.