काटा मालकाचा, कोड कोणाचा?

नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वजनकाट्याचा प्रोग्राम बसवायचा म्हणजे बघणाऱ्याला सोपं काम वाटतं. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ माल, पावती. खरी झटापट असते काट्याच्या इंडिकेटरशी, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डबीशी. कुठला इंडिकेटर आकड्याआधी चिन्ह पाठवतो, कुठला आकडेच उलटे. गाडी हलत असताना आलेलं वजन टाकून द्यावं लागतं. हे सगळं निस्तरणारा कोड माझ्याकडे आधीपासून तयार होता. या कारखान्यासाठी नव्याने लिहिलं ते पावती आणि हिशेबाचं.

कराराच्या कागदात मात्र त्यांच्या मुनीमजींनी एक ओळ घातली होती: सगळा कोड कंपनीच्या मालकीचा. ती खोडा म्हटल्यावर शेठ म्हणाले, "पैसा मी दिना ना भाऊ, मंग प्रोग्राम कोना?"

प्रश्न रास्तच होता. मी म्हणालो, गवंडी घर बांधून देतो, थापी घेऊन जातो. (उपमा अर्धीच खरी. माझी थापी त्यांच्या भिंतीतच राहणार होती, म्हणून तर परवाना लिहायचा.) चहाचे दोन कप झाल्यावर खरी भीती बाहेर आली. त्यांना मालकी नकोच होती. मी उद्या पुण्याला नोकरीला गेलो तर कापसाच्या हंगामात काटा बंद पडू नये, एवढंच हवं होतं.

कायदा इथे फ्रीलान्सरच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे नोकराने नोकरीत लिहिलेलं काम सहसा मालकाचं. स्वतंत्र काम करणाऱ्याचं मात्र, लेखी सही करून दिल्याशिवाय, त्याचंच. पण कलम 19 मध्ये गंमत आहे: मुदत लिहिली नाही तर दिलेला हक्क पाच वर्षांपुरता, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. परवान्यालाही तेच लागू.

कोणी म्हणेल, ही पुस्तकी बात. पण पाइन लॅब्ज या कंपनीने जेमाल्टो या कंपनीसाठी इंडियन ऑइलच्या कार्ड-योजनेचं सॉफ्टवेअर केलं होतं. 2004 च्या करारात हक्क दिले, पण मुदत लिहायची राहिली. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की पाच वर्षं सरली, हक्क पाइन लॅब्जकडे परत. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या वकिलांकडून जे सुटलं, ते आमच्या मुनीमजींकडून सुटलं असतं तर नवल नव्हतं.

आम्ही कागद नव्याने केला. पावती-हिशेबाचा कोड पूर्ण त्यांचा. इंडिकेटरचा कोड माझा. फाइलींची नावं परिशिष्टात. हा माझा कोड वापरायचा, दुसऱ्या प्रोग्रामरकडून दुरुस्त करून घ्यायचा परवाना त्यांना कायमचा, ज्यादा पैसे न घेता. वेगळा काढून विकायचा मात्र नाही. 'कायमचा' हा शब्द मीच आग्रहाने घालायला लावला. तो नसता तर पाच वर्षांनी शेठ अडचणीत आले असते, मी नाही.

तुम्हीही असं काम करत असाल, तर जुन्या फाइलींची यादी ॲडव्हान्स घेण्याआधी कराराला जोडा. शेवटचा हप्ता अडकलेला असताना हा विषय काढलात, तर कोणी ऐकून घेत नाही.