सोनेरी रिट्रीव्हर : कुल, शील आणि संगोपन

सोयरीक जुळवितांना कुलशील पाहण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु दहाबारा वर्षें घरांत वावरणारा प्राणी आणतांना मात्र आपण त्याचें रूप पाहूनच भुलतों. हल्लीं शहरांतील अनेक घरांत 'गोल्डन रिट्रीव्हर' या जातीचा सोनेरी केसांचा, सौम्य डोळ्यांचा कुत्रा दिसूं लागला आहे, आणि शेजारच्या घरांतील मुलें तसाच कुत्रा हवा म्हणून हट्ट धरूं लागलीं आहेत. तो हट्ट पुरवावा कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं या प्राण्याची ओळख करून घेणें अवश्य आहे. ती त्याच्या कुळापासून करून घेतली म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

या जातीचें जन्मस्थान म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील गुइसाखन नांवाची जहागीर. तिचे मालक डड्ली कूट्स मार्जोरीबँक्स यांस १८८१ सालीं लॉर्ड ट्वीडमाउथ ही पदवी मिळाली. गृहस्थ शिकारीचे शोकी होते. त्या काळीं बंदुकींत सुधारणा होऊन तिचा पल्ला वाढला होता. छर्रा लागलेला पक्षी दूर झुडपांत किंवा पाण्यापलीकडे जाऊन पडे. तो हुडकून, दांत न रुतवितां, धन्याच्या हातीं आणून देणारा कुत्रा त्यांस हवा होता. असें शोधून परत आणणें या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदावरूनच 'रिट्रीव्हर' हें नांव पडलें. ही कल्पना आपल्या वाचकांस अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढण्यास इंद्रानें पाठविली ती सरमाच, आणि परंपरा तिला देवशुनी म्हणते.

१८६५ सालीं ट्वीडमाउथ यांनीं ब्रायटन येथें 'नूस' नांवाचा एक पिवळा कुत्रा घेतला. नूस हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ बुद्धि. या कुत्र्याचीं सारीं भावंडें काळीं होतीं, हा एकटा पिवळा. यांत चमत्कार कांहीं नाहीं. हा पिवळा रंग आई व बाप या दोघांकडूनही आला तरच प्रकट होतो. एकाकडूनच आला, तर काळ्या रंगाखालीं दडून राहतो. अशा दडून राहणाऱ्या गुणांचा नियम मेंडेल यांनीं वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग करून १८६६ सालीं प्रसिद्ध केला होता. जगाचें लक्ष तिकडे गेलें तें मात्र १९०० सालीं.

१८६८ सालीं नूसपासून 'बेल' नांवाच्या कुत्रीस चार पिवळीं पिल्लें झालीं. बेल ही ट्वीड वॉटर स्पॅनियल या पाण्यांत तरबेज असलेल्या जातीची होती. ती जात आज नामशेष झाली आहे. पिल्लांचीं नांवें क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोज आणि एडा; पैकीं पहिलीं तीन फुलांचीं. पुढें दोन तपांच्या आसपास निवड करीत करीत हा वंश स्थिर करण्यांत आला. इंग्लंडच्या केनेल क्लबनें १९११ सालीं ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली, आणि १९२० सालीं तिला आजचें नांव मिळालें.

मध्यंतरीं एक आख्यायिका फार पसरली होती. ही जात म्हणे ब्रायटनला आलेल्या सर्कशींतील रशियन कुत्र्यांपासून झाली! परंतु ट्वीडमाउथ यांनीं आपल्या श्वानशाळेची वही १८९० पर्यंत ठेविली होती. तिच्यांतील नोंदी १९५२ सालीं छापून आल्या, तेव्हां रशियन कुत्र्याचा मागमूसही आढळला नाहीं. अनेक वर्षें तोंडोतोंडीं चाललेली कथा एका हस्तलिखित वहीनें निकालांत काढली. गुइसाखनचा वाडा आज भग्नावस्थेंत आहे. पण १८६८ च्या त्या वेतास दीडशें वर्षें झालीं म्हणून २०१८ सालीं तेथें तीनशेंहून अधिक सोनेरी कुत्रे धन्यांसह जमले होते.

आतां शील. नराची उंची खांद्यापाशीं ५६ ते ६१ सेंटिमीटर, मादीची ५१ ते ५६. वजन नराचें सुमारें तीस-चौतीस किलो, मादीचें त्याहून कांहीं कमी. अंगावर केसांचे दोन थर असतात. आंतला दाट व मऊ, बाहेरचा पाणी झटकणारा. स्कॉटलंडच्या थंड तळ्यांत उडी घेणाऱ्यास तें कवचच होय. तोंडांत वस्तु अलगद धरण्याची खोड उपजत आहे. म्हणून घरांतील चपला, पंचे व मुलांचीं पुस्तकें मिरविणें हा त्याचा खोडसाळपणा नसून कुलधर्म आहे, असें समजावें. माणसाचा इशारा पाहून काम करणें हाच पूर्वजांचा व्यवसाय असल्यामुळें तो लवकर शिकतो. स्टॅन्ली कोरेन यांनीं १९९४ सालच्या आपल्या ग्रंथांत आज्ञा शिकण्याच्या बाबतींत या जातीस चौथें स्थान दिलें आहे. अंध व्यक्तींस वाट दाखविण्याच्या कामीं तिचा उपयोग होतो तोही याच गुणामुळें. मात्र घर राखण्यासाठीं तिची योजना करूं नये; अनोळखी पाहुण्याचेंही हा प्राणी शेपूट हलवून स्वागत करतो.

कुल व शील ध्यानांत घेतलें म्हणजे संगोपनाचें धोरण ठरतें. पहिला प्रश्न हवेचा. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो धापा टाकून शरीर थंड करतो. दुहेरी केसांचा हा थंड मुलखांतला प्राणी नागपूर-अकोल्याच्या वैशाखांत दुपारीं बाहेर काढणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय. फिरणें पहांटे व दिवेलागणीनंतर असावें. उन्हाळ्यांत केस मुळापासून भादरणेंही बरें नव्हे. त्यांमुळें उन्हापासून कातडीचें रक्षण होतें. पावसाळ्यांत अंग व लोंबते कान कोरडे राखले नाहींत तर कातडीचे व कानांचे विकार जडतात.

दुसरा प्रश्न अन्नाचा. केवळ वरणभात व पोळी यांवर तीस किलोंचें हें शरीर नीट पोसलें जात नाहीं. आहार पशुवैद्यास विचारून ठरवावा. कांदा, चॉकलेट व द्राक्षें त्यास विषासमान आहेत. बेदाणेही त्यांतच आले. म्हणून प्रसादाच्या शिऱ्याचा घांस लाडानें देऊं नये. तिसरा प्रश्न प्रकृतीचा. खुब्याच्या सांध्याचा दोष व कर्करोग या जातीस विशेष ग्रासतात. अमेरिकेंत २०१२ सालापासून तीन हजारांहून अधिक सोनेरी कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास चालविण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, तें मुख्यतः कर्करोगाच्याच चिंतेमुळें. यास्तव पिल्लू घेतांना त्याच्या आईबापांच्या खुब्यांची तपासणी झाली आहे काय, हें विचारावें. आपल्याकडील २०१७ सालच्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकतां येत नाहीं, आणि पैदास करणाराची सरकारदरबारीं नोंदणी असावी लागते. हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

शेवटचा प्रश्न घराचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य. पूर्वीं आपल्याकडे कुत्रा अंगणांत असे. उंबरठ्याच्या आंत त्यास मज्जाव असे. सोनेरी रिट्रीव्हर असा राहूं शकत नाहीं. माणसांच्या सहवासासाठींच घडविलेला हा प्राणी सांखळीनें अंगणांत बांधला, तर तो झुरतो व नासधूस करूं लागतो. सोंवळ्यास अडचण होईल, सोफ्यावर केस पडतील, असें ज्यांस वाटतें त्यांनीं तें आधींच मोकळेपणीं सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं. एकत्र कुटुंबांत त्यास सोबतीची वाण पडत नाहीं, हा मोठा लाभ. पण जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, हा धोकाही तेथेंच असतो. पहिल्या महिन्यांत त्यास फिरवावयास सारेच उत्सुक असतात; तिसऱ्या वर्षीं एखाद्या सुनेवर किंवा वृद्ध आजोबांवर तो भार न विचारतां येऊन पडतो. मुलें शिक्षणासाठीं परगांवीं जातात, कुत्रा मात्र घरींच म्हातारा होतो.

म्हणून पिल्लू आणण्याच्या आदल्या दिवशीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, आणि पुढील बारा वर्षें पहांटे त्यास कोण फिरविणार, आजारांत पशुवैद्याकडे कोण नेणार, सारीं गांवाला गेलीं तर तो कोणापाशीं राहणार, हें नांवनिशीवार कागदावर लिहावें. नांवें मिळालीं तर अवश्य आणावा. घरास याहून प्रेमळ सोबती मिळणें कठीण. नांवें मिळालीं नाहींत, तर मुलांस तो कागदच दाखवावा. नकाराचें कारण त्यांस त्यावरून कळेल.