स्वमग्न प्रौढ आणि नोकरीचा ताण

अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत फॉरेस्ट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील पेढींत डोनाल्ड ट्रिपलेट नांवाच्या गृहस्थांनीं १९५८ पासून सुमारें ६५ वर्षें काम केलें. १९४३ सालीं डॉ. लिओ कॅनर यांनीं ज्या ११ मुलांच्या वर्णनानें स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, ओळख वैद्यकास करून दिली, त्यांतील पहिला मुलगा तो हाच. तिसऱ्या वर्षीं त्याला संस्थेंत ठेविलें होतें. आईबापांनीं वर्षभरानें परत घरीं आणिलें. पुढें ओळखीच्या माणसांना क्रमांक देण्याची त्याला संवय लागली, व गांवानें ती हंसत मान्य केली. २०२३ मध्यें, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते वारले.

मात्र ती पेढी त्यांच्या आजोळची होती. ज्यांना असें आजोळ नाहीं त्यांचें काय? ब्रिटनमध्यें २०२४ सालीं सर रॉबर्ट बकलंड यांचा अहवाल निघाला. त्याप्रमाणें कामाच्या वयाच्या स्वमग्न व्यक्तींपैकीं दहांत सुमारें तिघेच नोकरींत होते. अपंगत्व नसलेल्यांत दहांत आठ. बुद्धीचा अभाव हें कारण म्हणावें, तर या बेकारांत पदवीधरही आहेत. अडचण पुष्कळदां मुलाखतीच्या दारांतच उभी असते. नजरेला नजर द्यावयाची, 'स्वतःविषयीं सांगा' अशा मोघम प्रश्नाला रुचेल तें उत्तर द्यावयाचें! हिशेब तपासण्याच्या जागेसाठीं ही गप्पांची परीक्षा कां, हें कोणी विचारीत नाहीं.

जे आंत शिरतात त्यांचें दुखणें निराळें. इतरांसारखें हंसावें, हातांची चाळवाचाळव दाबून ठेवावी, दिव्यांचा भगभगाट सोसावा, बोलण्याआधीं प्रत्येक वाक्य मनाशीं घोकावें. हें सोंग दिवसभर वठवितां वठवितां माणूस थकून जातो. अशा सोंगाचा चिंता, विषाद आणि आत्महत्येचे विचार यांच्याशीं संबंध आढळला आहे. वरिष्ठांना दिसतें तें एवढेंच, कीं चांगला कामसू मनुष्य एकाएकीं राजीनामा देऊन गेला. घरीं बसल्यानें मन सुधारतें असेंही नाहीं. मिळकतीबरोबर दिनक्रम जातो, आणि ज्याला ठरलेल्या क्रमाचाच आधार, त्याला तें फार जड जातें.

उपाय फारसे खर्चाचे नाहींत. प्रश्न आधीं लेखी द्यावेत, प्रत्यक्ष काम करवून पाहावें, सूचना लिहून द्याव्यात, बसण्यास शांत कोपरा द्यावा. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकीं १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार इत्यादिकांस मिळून ठेविला आहे. त्याच कायद्यानें सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरविण्याचें बंधन घातलें आहे. तेव्हां असा कोपरा मागण्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.