स्टॅफिलोकॉकसची गुठळी : पृष्ठभागावरील प्रथिनांचे कार्य

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात असतो. त्याच्या प्रजातीचे नाव ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८२ मध्ये द्राक्षघोसाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले. हिमायतनगरच्या वर्गात हैदराबाद परिसरात प्रसिद्धीस आलेल्या 'अनाब-ए-शाही' द्राक्षांचा घोस दाखवून हे सहज सांगता येईल.

घोस पेशीविभाजनातून बनतो. रक्तातील गुठळीचे कारण मात्र वेगळे आहे. जीवाणूच्या पृष्ठभागावरील 'क्लम्पिंग फॅक्टर ए' हे प्रथिन रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या फायब्रिनोजेनला पकडते. फायब्रिनोजेनच्या रेणूला दोन सारखी टोके असल्याने तो दोन जीवाणूंमधील पूल ठरतो. काचपट्टीवर जीवाणूंत रक्तद्रव मिसळल्यास ही गुठळी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. दुसरे प्रथिन, 'प्रोटीन ए', प्रतिपिंडाला शेपटीकडून धरते. त्यामुळे पांढऱ्या पेशींना शत्रू ओळखणे कठीण जाते.

गुठळीतील जीवाणूंना गिळणे पांढऱ्या पेशींना अवघड होते. हृदयाच्या झडपेवर किंवा कॅथेटरवर असा थर जमला की प्रतिजैविकेही अपुरी पडतात. म्हणून गुठळी होण्यापूर्वीच हात धुणे व जखम स्वच्छ ठेवणे यांचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे.