वरच्या पडद्यांची दाटी

कबनूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, बेंजोचा आवाज यंत्रमागांच्या खडखडाटालाही पुरून उरतो. हे वाद्य मुळात जपानी. 1912 साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना उचलून 'ताइशोगोतो' तयार केलं. त्याचं भारतीय रूप म्हणजे बुलबुलतरंग. त्याला पिकअप बसवून लाउडस्पीकर जोडला की झाला मिरवणुकीतला बेंजो.

बेंजोवाला तारसप्तकात गेला तरी त्याच्या बोटांची ओढाताण होत नाही. कळ दाबली की धातूची अरुंद पट्टी तारेवर बसते, तारेची लांबी कमी होते आणि सूर चढतो. बोट तारेला लागतच नाही. बोट थेट तारेवर आपटायची वेळ आली की खरी पंचाईत सुरू होते आणि तिचा उलगडा करायला कबनूरहून फार लांब जावं लागत नाही. तीसेक किलोमीटरवर मिरज आहे.

मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यं घडवू लागले आणि पुढे तिथे सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारीचा पडदा जवळून पाहावा. पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची कमानदार सळई, दोन्ही टोकांशी दोऱ्याने दांडीला बांधलेली. कमान उंच, कारण तिच्या खालून तरफांच्या तारा जातात. शिवाय बाजाची, म्हणजे मुख्य, तार आडवी खेचून मींड घ्यायची तर बोट लाकडाला घासून चालत नाही. पडदा बांधलेला असल्यामुळे रागाप्रमाणे तो किंचित पुढेमागे सरकवता येतो. गिटारच्या ठोकून बसवलेल्या पडद्यांना ही मुभा नाही.

आता टपलीचं, म्हणजे तारेवर बोट आपटून सूर काढण्याचं बघू. सतारीत जमजमा घेताना नखीचा आघात एकदाच होतो; पुढचे सूर डाव्या हाताचं बोट पुढच्या पडद्यावर आपटून आणि उचलून काढले जातात. गिटारवाल्यांनी हाच प्रकार दोन्ही हातांनी केला. 1978 साली एडी व्हॅन हेलनच्या 'इरप्शन'ने तो घरोघरी पोचवला. त्याच्याही आधी, 1969 मध्ये, लॉस एंजेलिसच्या एमेट चॅपमन यांना दोन्ही हातांची बोटं पट्टीच्या दोन बाजूंनी तारांवर आपटून वाजवण्याची पद्धत सापडली होती. तिच्यासाठी त्यांनी खास वाद्य बनवलं आणि 1974 पासून ते 'चॅपमन स्टिक' म्हणून विकायला काढलं. मूळच्या स्टिकला दहा तारा, वाजत्या तारेची लांबी सुमारे 91 सेंटिमीटर. नखी नाही, छेडणं नाही. आघात करणारं बोटच आणि तारेची लांबी ठरवणारा पडदाच.

वर जाताना पहिली अडचण येते ती जागेची. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवायचे. त्यांनी 1581 च्या ग्रंथात पडद्यांचा सोपा नियम दिला: उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर पुढचा पडदा. आजचा अचूक आकडा 17.817 आहे, म्हणजे गॅलिलींचा अंदाज बराच नेमका. या हिशेबाने 90 सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा 5 सेंटिमीटरवर येतो. एक सप्तक चढल्यावर हेच अंतर अडीच सेंटिमीटर होतं आणि दुसरं सप्तक संपताना सव्वा. बोटाचं टोक साधारण तेवढंच रुंद! पडद्याच्या लगेच मागे आपटलं तर ठीक, फार मागे पडलं तर सूर खुलत नाही, पडद्यावरच पडलं तर नुसता 'ठक्' असा आवाज येतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला पहिल्यांदा तीच कळते. तार पडद्यापासून जितकी उंच, तितकी ती दाबताना ताणली जाते, आणि हा ताण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली तर ताण चौपट. समजा सतारीच्या बाजाची पोलादी तार मधोमध पडद्यापासून 5 मिलिमीटर वर आहे. लगतच्या दोन सुरांमधलं अंतर शंभर भागांचं धरलं, तर केवळ दाबण्यामुळे सूर तेरा-चौदा भाग चढतो. घोडीकडे जावं तशी तार आणखी उंच होत जाते, म्हणून वरच्या पडद्यांवर हा आकडा वाढतो.

तेरा-चौदा भाग म्हणजे किती? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांब्या मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला. 1910 मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांना साथ होती. या हिशेबातला 6:5 प्रमाणाचा कोमल गंधार आणि हार्मोनियमचा कोमल गंधार यांच्यात फरक आहे तो अवघ्या सोळा भागांचा. 90 सेंटिमीटरच्या तारेवर ही दोन ठिकाणं जेमतेम 7 मिलिमीटरच्या अंतरावर येतात आणि वरच्या सप्तकात साडेतीन मिलिमीटरवर. ज्या बारकाव्यासाठी जाणकार हमरीतुमरीवर आले, तेवढा फरक एक जोरकस टपली सहज पाडू शकते. कारागीर पडदा बांधताना तार दाबून, सूर ऐकूनच जागा ठरवतो, त्यामुळे सरासरी दाबाची भरपाई आधीच होते. पण टपलीचा जोर दर वेळी सारखा कुठे असतो?

म्हणून स्टिकवर तारा पडद्यांना जवळजवळ चिकटून ठेवतात. हलकं बोट पुरतं, सूर चढत नाही. मात्र तार इतकी खाली आली की एकही पडदा केसभर उंच चालत नाही, नाहीतर आधीच्या पडद्यावर वाजवलेला सूर त्याला घासून खरखरतो. पडद्याचा माथाही महत्त्वाचा. तो रुंद आणि सपाट असेल तर तार नेमकी कुठे टेकली याचा घोळ होतो, आणि तार जितकी आखूड तितका तो जास्त जाणवतो. अरुंद, गोल माथा टेकण्याची जागा पक्की करतो. स्टिकवर त्यासाठी पोलादी सळया वापरल्या गेल्या. पितळ मऊ, बाजाच्या तारेने त्यावर खाचा पडतात आणि सतारीचे पडदे अधूनमधून घासून घ्यावे लागतात. आणखी एक गोष्ट: टपलीने तारेचे दोन्ही तुकडे थरथरतात. नको असलेला, खुंट्यांकडचा तुकडा गप्प करायला स्टिकच्या त्या टोकाला मऊ गादी लावलेली असते.

सतारीला हा मार्ग मानवणारा नाही. तारा खाली आणल्या तर पाच-पाच सुरांची मींड गेली, आणि मींड नसलेली सतार कोण घेणार? तारसप्तकात वरचा सूर हवा असेल तर सतारिया बहुधा पुढच्या दाटीत शिरतच नाही, खालच्या पडद्यावरूनच तार खेचून तो मिळवतो.

मिरजेत नवी सतार घेणाऱ्याने म्हणूनच शेवटचे चार-पाच पडदे सावकाश तपासावेत. आधी एकेक सूर नखीने, मग तेच सूर नुसत्या टपलीने. खरखर ऐकू आली तर दोष बहुधा दाबलेल्या पडद्यात नसतो, घोडीकडच्या पुढच्या पडद्यात असतो. तो कानशीने किंचित उतरवून घेतला की काम होतं.