मूणु पेर

बदली होऊन चेन्नईत आलेल्या आयटीवाल्याला घर, फिल्टर कॉफी आणि घरमालकाच्या अटी आठवड्याभरात मिळतात. समुद्रात उतरायला सोबत मिळत नाही. ऑफिसच्या ग्रुपवर ‘संडे सर्फिंग?’ टाकलं की अंगठ्यांचा पाऊस पडतो; रविवारी पहाटे फोन कुणी उचलत नाही. पुण्याहून शोळिंगनल्लूरला आलेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र पक्की टोळी सापडली. ऑफिसमुळे नव्हे, कोवळमच्या किनाऱ्यावर शिकवणाऱ्या एका मुलामुळे, असं ती म्हणाली. तो नेमकं करतो काय, ते बघायला मी गेले.

हे कोवळम केरळातलं नव्हे. चेन्नईहून दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवर चाळीसेक किलोमीटरवरचं कोळ्यांचं गाव. इथल्याच मूर्ती मेगवन या कोळ्याने २०१२ मध्ये सर्फिंग स्कूल उभं करायला पुढाकार घेतला आणि गावातली पोरं शिकवणारी झाली. पुढे महाबलीपुरमला २०२५ मध्ये सर्फिंगची आशियाई स्पर्धा झाली, त्यात भारताच्या रमेश बुडिहाळने ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून शहरातून येणारे वाढले, असं इथे सगळेच सांगतात.

त्या मुलाला सगळे ‘अण्णा’ म्हणतात. वयाने तो माझ्याहून बराच लहान, पण शहरी माणसाला गावातला प्रत्येक पुरुष अण्णाच. मी पोचले तेव्हा तो फुटलेल्या बोर्डावर काचेच्या धाग्याची चटई पसरून वर रेझिन चोपडत होता. नाकात झिणझिण्या आणणारा, गोडसर, डोक्यात चढणारा वास. पलीकडे त्याचे वडील होडीच्या बुडाला तेच लावत होते, त्याच डब्यातून. सुकटाचा वास मला रत्नागिरीपासून ओळखीचा. हा नवा होता, आणि पाण्यात मजा चाललेली असतानाही मी पुन्हा पुन्हा त्या शेडपाशी जाऊन उभी राहत होते.

शिकवणं ठरीव असतं. वाळूवर पालथं झोपवून उठायची तालीम, मागच्या पायाला दोरी, आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड, मग पाणी. दिवस चढला की समुद्रावरून वारा सुटतो आणि लाट विस्कटते, म्हणून सगळं पहाटेच.

खरं काम पुढे आहे. नवे लोक लाट फुटते त्याच्या पलीकडे बोर्डावर बसून वाट बघतात आणि अण्णा छातीभर पाण्यात उभा राहून त्यांना न्याहाळतो. चांगलं कोण उभं राहतं, तिकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. दुसऱ्याची लाट आली की ‘पो, पो!’ (जा, जा!) म्हणून कोण ओरडतं, कुणी पडलं की डोकं वर येईपर्यंत कोण वळून बघतं, हे तो टिपतो. त्या सकाळी एका उंच तरुणाने एका मुलीच्या पुढ्यात लाट घेतली. लाट फुटते त्या जागेला जो सर्वांत जवळ, लाट त्याची, हा पाण्यातला कायदा. ती आदळली, हा हात पसरून थेट वाळूपर्यंत गेला, वर दोस्ताकडून व्हिडिओही काढून घेतला. अण्णा काही बोलला नाही. बोर्ड धुताना त्याला म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी तू माझ्या शेजारी.’’ त्या मुलीला मात्र त्याने तिथेच दोघांशी जोडून दिलं, नंबर घ्यायला लावले, शनिवार ठरवून दिला.

दोघांशीच का? ‘‘मूणु पेर,’’ तो तीन बोटं दाखवत म्हणाला. तीन माणसं. एक अडकला तर एक त्याच्यापाशी थांबेल, एक हाक मारायला किनाऱ्यावर येईल. दोन असले तर थांबणाऱ्याने हाक कुणाला मारायची? वडील होडीवर कधी एकटे गेले नाहीत, हेही त्याने सांगितलं, जणू मी शंका घेतली होती.

शहरातली मंडळी कॉफी पिताना ‘आमची सर्फ कम्युनिटी’ म्हणतात, टीशर्टही छापून घेतात. मला ते ऐकून जरा हसूच येतं. ही कम्युनिटी एका पोराच्या डोक्यातल्या यादीवर उभी आहे. शिकवणीचा दर फळ्यावर आहे, बोर्डाच्या भाड्याचा आहे. या जुळवाजुळवीचा नाही. ‘याचे पैसे का घेत नाहीस?’ विचारलं तर म्हणाला, ‘‘एकटं कुणी बुडालं तर शोधायला आमचीच होडी जाते.’’

माझ्या मैत्रिणीच्या तिघांतला एक आता हैदराबादला गेला. त्यानंतरच्या शनिवारी ती आणि उरलेला बोर्ड उचलून पाण्याकडे निघाले, तर अण्णाने दोघांनाही अडवलं. इतकी वर्षं पोहतेय, ती चिडली. ‘‘मूणु पेर,’’ तो म्हणाला आणि रेझिनचा हात फडक्याला पुसत वाळूवर तालीम करणाऱ्या नव्या लोकांकडे गेला. त्यांतल्या चष्मेवाल्या बाईंना त्याचा पहिला प्रश्न होता, शनिवारी सुट्टी असते का?